आधी सिम, मग मेल, इन्स्टाग्राम शेवटी

खातं सुरक्षित करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट इन्स्टाग्राम उघडून पासवर्ड बदलायला घेतात. आम्ही कुणाच्या घरी या कामाला बसतो तेव्हा पासवर्डची पाळी बऱ्याच उशिरा येते. चोर सहसा पासवर्ड ओळखत बसत नाही. तो 'पासवर्ड विसरलात?' यावर बोट ठेवतो. तिथून कोड मेलवर जातो नाहीतर मोबाइलवर. मेलचाच पासवर्ड विसरला म्हटलं तर त्याचाही कोड मोबाइलवर. सगळ्या वाटा फिरून फिरून एका सिमपाशी येतात, आणि ते सिम कुणाच्या नावावर आहे हे घरातल्या निम्म्या माणसांना ठाऊक नसतं.

नाशिकच्या एका घराचं काम कसं झालं ते इथे क्रमाने मांडतो. काका निवृत्त, काकू घरचे मसाले इन्स्टाग्रामवरून विकतात, मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा दुबईत. घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

नंबर नक्की कुणाचा

दूरसंचार विभागाचं संचार साथी पोर्टल मे २०२३मध्ये सुरू झालं. त्यातला टॅफकॉप हा भाग उघडायचा, मोबाइल नंबर आणि कॅप्चा टाकायचा, ओटीपी भरायचा. ज्या नावावर तो नंबर आहे त्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांची यादी समोर येते. नंबर पूर्ण दिसत नाहीत, पण ओळखण्यापुरते दिसतात. प्रत्येकापुढे 'हा माझा नाही', 'आता गरज नाही' आणि 'हवा आहे' असे पर्याय असतात. एका माणसाच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच नोंदवायचा, उद्यावर टाकायचा नाही.

काकूंच्या नंबराने यादी काढली तर तिच्यात काकांचा नंबर नव्हता आणि घरातला दुसराही कुणाचा नव्हता. मोबाइल कंपनीच्या दुकानात विचारल्यावर उलगडा झाला, काकूंचं सिम दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. रोजच्या वापरात याने काही अडत नाही. अडतं ते फोन हरवल्यावर. डुप्लिकेट सिम घ्यायला ज्याच्या नावावर नंबर आहे त्याची ओळख लागते, आणि तो माणूस तर हयात नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचं केवायसी देऊन नंबर नावावर करून घेता येतो, पण ते फोन हातात आणि सिम चालू असताना करावं. नोकरीतल्या कंपनीने दिलेल्या नंबराचंही तेच. राजीनाम्याबरोबर सिम परत जातं आणि त्यावर उघडलेलं फेसबुक तिथेच लोंबकळत राहतं.

दुबईच्या मुलाची अडचण परदेशी गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात सापडते. जाताना भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये टाकलं, रिचार्ज थांबला, नंबर बंद पडला. बंद झालेला नंबर ९० दिवस उलटले की नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२३मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नव्या मालकाने त्या नंबरावर फेसबुकचा कोड मागवला तर तो त्यालाच येणार, त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून सिम सोडण्याआधी मेल, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्समधून (पूर्वीचं ट्विटर) तो नंबर काढून परदेशातला घालायचा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये यासाठी 'चेंज नंबर' आहे. त्याने गप्पा आणि ग्रुप नव्या नंबरावर येतात. बँकेचं काम त्याच यादीत, सगळ्यात वर.

सिमला पिन, कॉलला आडवाट

फोनला कुलूप असलं तरी सिमला नसतं. चोराने सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की ओटीपी त्याच्याकडे. यावर इलाज सिम पिन. अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक', आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानावर 'सिम पिन'. चालू करताना आधीचा पिन मागतात. तो कंपनीने ठरवलेला असतो. अंदाजाने टाकू नका, कंपनीच्या साइटवर किंवा दुकानात विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा कोड, लागतो. पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं बाद. एकदा स्वतःचा पिन लावला की फोन बंद करून चालू केल्यावर दरवेळी तो विचारला जातो. काकांना हा त्रास वाटला, आठवडाभरात सवय झाली.

पुढची गोष्ट कॉल फॉरवर्डिंग. कुरियरवाला म्हणून फोन येतो, 'पत्ता सापडत नाही, एवढा कोड डायल करा' म्हणतो. त्या कोडच्या सुरुवातीला २१ किंवा ४०१ आणि पुढे एक मोबाइल नंबर असतो. डायल केला की तुमचे कॉल त्या नंबराकडे वळतात. कॉल वळून काय होणार, असं वाटतं. पण व्हॉट्सअ‍ॅपसह बऱ्याच ठिकाणी कोड फोन करून सांगण्याची सोय असते. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून डायल-कोडने कॉल वळवण्याची सेवा थांबवायला सांगितली, तरी तपासून घेतलेलं बरं. *#२१# डायल केलं की सगळे कॉल वळवले आहेत का ते दिसतं, *#६२# ने फोन बंद असतानाचे. ##००२# ने सगळी वळवावळवी रद्द होते. कोडला काही उत्तर आलं नाही तर फोन अ‍ॅपच्या कॉल सेटिंग्जमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' उघडून बघा. फोन लागत नसतानाच्या वळणात कधीकधी कंपनीच्याच मिस्ड कॉल अलर्टचा नंबर असतो. तो दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

आणि चोराने तुमच्या नंबराचं नवं सिमच काढून घेतलं तर? आजूबाजूच्यांना रेंज आहे, तुमच्याच फोनवर नाही, आणि फोन बंद-चालू करूनही येत नाही, असं झालं की दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारायचं: या नंबरावर नवं सिम किंवा ई-सिम निघालंय का? नवं सिम निघाल्यावर २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, हा नियम तुम्हाला जरा उसंत देतो. कॉल मात्र नव्या सिमवर चालू असतात, त्यामुळे ही उसंत अर्धीच धरायची.

लॉक स्क्रीनवर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. टेबलावर पालथा न ठेवलेला फोन ओटीपी वाचून दाखवतो, मग चोराला सिम चोरायची गरजच नाही.

मेल

काकूंचा जीमेल मुलीने कधीतरी उघडून दिलेला. रिकव्हरीला, म्हणजे खातं परत मिळवायचा पत्ता म्हणून, मुलीचा जुना रेडिफमेल, जो आता तिलाही उघडता येत नाही. असा मेला पत्ता रिकव्हरीला ठेवणं म्हणजे निव्वळ अडगळ नाही. याहूने २०१३मध्ये वापरात नसलेले पत्ते नव्या लोकांना देऊ केले होते. गूगल एकदा वापरलेला पत्ता दुसऱ्याला देत नाही, पण दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३पासून लागू आहे. म्हणून घरातलं कुणीतरी रोज वापरतं असा चालता पत्ता रिकव्हरीला हवा, आणि तुमचा त्यांच्याकडे. काकूंचा मुलीकडे, मुलीचा काकूंकडे, असं आम्ही घातलं.

गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर क्रम असा: आधी 'युअर डिव्हायसेस' बघा आणि न ओळखीचं यंत्र साइन आउट करा. मग रिकव्हरी फोन आणि मेल. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खूण. त्यात फोनवरच्या 'हो, मीच' या सूचनेबरोबर ऑथेंटिकेटर (कोड दाखवणारं अ‍ॅप, पुढे येतंच) आणि बॅकअप कोड हे दोन्ही घ्या. बॅकअप कोड दहा असतात, प्रत्येकी आठ आकड्यांचे, आणि एक कोड एकदाच चालतो. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणारे बरेच भेटतात. फोन गेला की कोडही गेले. कागदावर उतरवायचे आणि रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिसी असतात त्या फाइलमध्ये लावायचे.

आता जिथे कुणी बघतच नाही ती जागा. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा, मोबाइल अ‍ॅपमध्ये हे दिसत नाही. दातेरी चाकाच्या चिन्हावरून 'सी ऑल सेटिंग्ज', तिथे 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' ही दोन पानं. मेलमध्ये शिरलेला माणूस तिथे एक छोटा नियम लिहून ठेवतो: ज्या पत्रात 'इन्स्टाग्राम' शब्द आहे ते इनबॉक्समध्ये न दाखवता कचऱ्यात टाक. मग खात्याचा पत्ता बदलल्याची सूचना येते, पण तुम्हाला दिसत नाही. पासवर्ड बदलला, सगळी यंत्रं बाहेर काढली, तरी हा नियम तसाच राहतो. तुम्ही न केलेला नियम दिसला की तो पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तक्रारीत उपयोगी पडतो.

गूगलचा रिकव्हरी नंबर कुणी बदलला तरी जुना नंबर सात दिवसांपर्यंत ओळख पटवायला चालू शकतो. म्हणून खातं गेल्याचं कळलं की 'रविवारी बघू' म्हणायचं नाही. परत मिळवायचा प्रयत्न नेहमीच्याच फोनवरून आणि घरच्याच वायफायवरून करायचा. सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या नव्या लॅपटॉपवरून केला की गूगलच्या नजरेत तुम्हीच परके ठरता.

ऑथेंटिकेटर, आणि फोन बदलायचा दिवस

ऑथेंटिकेटर अ‍ॅप दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलून दाखवतं. नेट लागत नाही, रेंज लागत नाही, त्यामुळे सिम बदलणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोनच ठिकाणी घोळ होतो. पहिला घड्याळाचा. फोनची वेळ हाताने लावलेली असेल आणि मिनिटभर पुढे-मागे असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. तारीख-वेळ स्वयंचलित केली की काम होतं. दुसरा फोन बदलण्याचा. जुना फोन रीसेट करून एक्स्चेंजमध्ये दिला, नव्यावर ऑथेंटिकेटर उघडलं तर आत काहीच नाही. खात्याबाहेर अडकलेली जी माणसं आमच्याकडे येतात त्यांत चोराने अडवलेल्यांपेक्षा अशी जास्त असतात. गूगल ऑथेंटिकेटर एप्रिल २०२३पासून गूगल खात्याशी जोडता येतं, मग कोड नव्या फोनवर आपोआप येतात. पण त्या गूगल खात्यात शिरायचा कोड त्याच अ‍ॅपमध्ये असेल तर पेटीची किल्ली पेटीतच राहिली. कागदावरचे दहा कोड याच वेळेसाठी.

एक्स वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २० मार्च २०२३पासून तिथे एसएमएसवरचं टू-फॅक्टर (टू-स्टेपचंच दुसरं नाव) फक्त पैसे भरणाऱ्यांना आहे. त्याआधी एसएमएस लावून निश्चिंत झालेल्यांचं ते संरक्षण तेव्हाच उतरलं. ऑथेंटिकेटर फुकट चालतं, ते लावून टाका.

पासवर्डचं थोडक्यात. मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही नको, ही एक अट कसोशीने पाळा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये एखादा आकडा: लांबही होतो आणि लक्षातही राहतो. 'शिवाजी', 'गणपती', 'साईबाबा' आणि जन्मसाल या जोड्या यादी लावून फोडणाऱ्याच्या पहिल्या पानावर असतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा नेम सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच २०१७मध्ये ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका असं सांगितलं, कारण माणसं नुसता शेवटचा आकडा वाढवतात. वहीत लिहून कपाटात ठेवलेला पासवर्ड आम्हाला चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप

व्हॉट्सअ‍ॅप दोन तऱ्हांनी जातं आणि दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. पहिल्या तऱ्हेत कुणीतरी तुमच्या नंबराने त्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो. तुम्हाला सहा आकडी कोड येतो. पाठोपाठ ओळखीच्याच एखाद्या खात्यावरून, जे आधीच चोरलेलं असतं, संदेश येतो: 'ताई, माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, पाठव ना.' पाठवला की तुमच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं. म्हणजे निदान कळतं तरी.

दुसरी तऱ्हा गपगुमान चालते. व्हॉट्सअ‍ॅपला फोनखेरीज चारपर्यंत यंत्रं जोडता येतात. जोडणी क्यूआर स्कॅन करून होते किंवा आठ अक्षरी कोडने. 'माझ्या भाचीला स्पर्धेत मत दे' असा दुवा येतो, पान नंबर मागतं, मग 'हा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका' म्हणतं. तो कोड टाकणं म्हणजे त्याच्या संगणकाला स्वतःच्या हाताने आत घेणं. फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप छान चालू राहतं, मागच्या गप्पाही त्याला वाचता येतात, घरात कुणाला पत्ता नसतो.

काकूंच्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं. एक ओळ: गूगल क्रोम, विंडोज, शेवटचं सक्रिय आज सकाळी.

"काकू, घरात कंप्युटर आहे का?"

"नाही बाई. लेकीचा लॅपटॉप, तो पुण्याला."

मुलीला फोन लावला, तिचाही नव्हता. मग काकांना आठवलं. आधारची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, तिथल्या पोराने काकूंच्या फोनने स्क्रीनवरचा चौकोन स्कॅन केला होता. प्रिंट मिळाली आणि काकूंचं व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या ब्राउझरमध्ये उघडंच राहिलं. ओळीवर टिचकी मारून 'लॉग आउट', संपलं. दुकानदाराच्या मनात काही होतं असं नाही, पण त्या संगणकासमोर दिवसभर कोण कोण बसतं ते कुणी सांगावं? प्रिंटसाठी फाइल मेलने द्यावी किंवा पेन ड्राइव्हने.

कुलूप असं लावायचं: सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', सहा आकडी पिन. जन्मतारीख नको, लग्नाची तारीखही नको. ती दरवर्षी ग्रुपमध्ये शुभेच्छांसकट जाहीर होते. पिननंतर मेलचा पत्ता विचारतात तो बहुतेक जण 'स्किप' करतात. करू नका. पिन विसरला आणि मेल दिलेला नसला तर सात दिवस थांबावं लागतं. हीच जागा चोर वापरतो: खातं घेतल्यावर स्वतःचा पिन लावून टाकतो. तरी धीर सोडायचं कारण नाही. तुम्ही अ‍ॅपमध्ये पुन्हा नंबर टाकून एसएमएसवर आलेला कोड भरला की तो त्याच क्षणी बाहेर पडतो, पिन तुम्हाला ठाऊक असो वा नसो. सात दिवस तुम्हीही आत जाऊ शकत नाही, पण त्याचं तुमच्या नावाने ओळखीच्यांकडे पैसे मागणं थांबतं. एसएमएस येण्याऐवजी उलटी गणती दिसली तर कुणीतरी कोड वारंवार मागवलाय असं समजा. ती संपेपर्यंत थांबा, अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्याने ती कमी होत नाही. तोवर घरच्यांकरवी ग्रुपमध्ये फोन करून सांगा. लिहून सांगितलेल्यावर त्या दिवशी कुणी विश्वास ठेवू नये, हेही सांगा.

लग्नपत्रिका आणि चलानाची एपीके

सध्या महाराष्ट्रातल्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त नासधूस या फाइलने होते. 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान' असं नाव आणि शेवटी डॉट एपीके. पत्रिका पीडीएफ असेल, फोटो असेल, व्हिडिओ असेल. एपीके हे अ‍ॅप असतं. ते एसएमएस वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि बटणं दाबायची, परवानगी मागतं. दिली की वरचं सगळं कुलूपकिल्लीचं काम पाण्यात, कारण ओटीपी तुमच्याबरोबर त्यालाही दिसतो. पुढे तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या ग्रुपांत फिरते, आणि पाठवणारा ओळखीचा म्हणून लोक उघडतात.

आधीच करायचं काम दोन मिनिटांचं आहे. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा. यादीत व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर या चौघांपुढे 'परवानगी नाही' करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप शोधणारी सोय, चालू ठेवा. बोट पडूनच गेलं असेल तर आधी फ्लाइट मोड, वायफायही बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मेलचा पासवर्ड बदला, सगळी यंत्रं साइन आउट करा. ते अ‍ॅप अनइन्स्टॉल होऊ देत नसेल तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेतलेला असतो. तो काढा, नाहीतर सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद ठेवून) फोन सुरू करून अ‍ॅप काढा. आम्ही तरीही फॅक्टरी रीसेट करूनच फोन परत देतो. फोटो आणि नंबर आधी उतरवून घ्यायचे, अ‍ॅप मात्र बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरून नव्याने टाकायची.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक

दोन्हींची सुरक्षा आता 'अकाउंट्स सेंटर'मध्ये एकत्र आहे. 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'मध्ये टू-फॅक्टर लावा आणि तिथलेही बॅकअप कोड कागदावर घ्या. इन्स्टाग्राम पाच देतं, फेसबुक दहा. मग 'व्हेअर यू आर लॉग्ड इन'. नाशिकला बसून यादीत मुंबई दिसली म्हणून दचकू नका, मोबाइल नेटचं ठिकाण बऱ्याचदा चुकीचं दाखवलं जातं. ठिकाणापेक्षा फोनचं मॉडेल बघा. मॉडेल घरातलं नसेल तर ती गंभीर गोष्ट.

सेंटरमध्ये कोणकोणती खाती जोडलेली आहेत ती यादी वेगळी तपासा. आत शिरलेला माणूस त्याचं एखादं भलतंच खातं तिथे जोडून ठेवतो आणि त्याच्या आधाराने पुन्हा आत येतो. व्यवसायाचं फेसबुक पेज असेल तर पूर्ण अधिकार असलेली दोन माणसं हवीत. काकूंच्या पेजवर एकट्या मुलीचा अधिकार होता. काकूंना स्वतःच्याच दुकानात काउंटरपलीकडे यायची मुभा नव्हती.

'तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत खातं बंद होईल' असा संदेश व्यवसायाच्या खात्यांना सतत येतो. खरा आहे का ते दुव्यावर न जाता ठरवता येतं: अ‍ॅपमध्ये 'रिसेंट ईमेल्स' हे पान आहे, इन्स्टाग्रामने खरंच पाठवलेली पत्रं तिथे दिसतात. तिथे नाही म्हणजे खोटं.

खातं गेलंच तर पहिली धाव मेलकडे. पत्ता बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम इथून पत्र पाठवतं आणि त्यात बदल उलटवायचा दुवा असतो. इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅम आणि कचरापेटी बघा, जीमेलची कचरापेटी ३० दिवस राहते. दुवा चालला नाही तर इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड. फेसबुकसाठी फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड. खात्यावर तुमचे फोटो असतील तर व्हिडिओ सेल्फी मागतात: उजेडात, चष्मा काढून, सांगतील तशी मान हळूहळू फिरवायची. नुसते मसाल्याच्या पुड्यांचे फोटो असलेल्या खात्याचा चेहरा जुळवणार कशाशी? तिथे खातं उघडतानाचा मेल, नंबर आणि फोनचा प्रकार विचारतात. म्हणून दुकानाच्या खात्यावर मालकाचा चेहरा स्पष्ट दिसेल असे दोन-चार फोटो आम्ही आवर्जून टाकायला लावतो. काकूंनी आढेवेढे घेतले, मग मिरच्या वाळत घातल्यात तिथला एक टाकला.

खातं परत आल्यावर पासवर्ड बदलून थांबू नका. त्याने घातलेला मेल, त्याचा नंबर, त्याने जोडलेलं ऑथेंटिकेटर आणि सेंटरमधलं त्याचं खातं, एकेक करून काढा. मग 'सगळीकडून लॉग आउट'. मग नवा पासवर्ड, नवे बॅकअप कोड.

खातं गेल्याचं जाहीर लिहिलंत की खाली 'अमुक भाऊंनी माझं खातं तासाभरात परत आणून दिलं' अशा टिप्पण्या येतात. ते भाऊ दुसरे चोर. आधी फी घेतात, मग तुमच्याकडे आलेला कोडही मागतात.

तक्रार

पैसे गेले असतील तर १९३०वर लगेच फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार करता येते. स्क्रीनशॉटमध्ये नावाबरोबर प्रोफाइलचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसायला हवी; नाव तो पाच मिनिटांत बदलतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली येतं आणि दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणं ६६-ड खाली; दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात कलमं लिहिली तर ठाण्यातलं बोलणं जरा लवकर मुद्द्यावर येतं, हा आमचा अनुभव. इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला वकील लागत नाही.

सगळं लावून झाल्यावर एक रंगीत तालीम करतो. काकूंचा फोन बाजूला ठेवला, मुलीच्या लॅपटॉपवर काकूंचा जीमेल उघडायला घेतला, आणि फोनवरची सूचना न वापरता 'दुसरा मार्ग' निवडून कागदावरचा पहिला कोड घातला. उघडलं. तो कोड पेनाने खोडला. तीन-चारच उरले की नवे दहा काढायचे आणि जुना कागद फाडायचा, कारण नवे निघाले की जुने सगळे निकामी होतात. फाइलमध्ये दोन कागद राहिले तर ऐन वेळी हमखास चुकीचाच हाती येतो.